अर्क म्हणजे काय? भूछत्रे, विकरे आणि निरोधाच्या परीक्षणाचा इतिहास

१

काही काळापूर्वी जीवरसायनशास्त्राचा एक पदव्युत्तर विद्यार्थी आपल्या प्रबंधाचा मराठी सारांश तपासून घेण्यासाठी प्रस्तुत लेखकाकडे आला होता. पारिभाषिक शब्द योग्य आहेत की नाहीत, एवढेच त्याला पाहावयाचे होते. सारांशातील मुख्य विधान असे होते : 'या भूछत्राचा अर्क विकराचा निरोध करतो.' व्याकरणाच्या दृष्टीने वाक्य निर्दोष होते. कर्ता, कर्म, क्रियापद सारे आपापल्या जागी होते. तथापि 'अर्क कशातला?' असे सहज विचारले असता त्याने सांगितले की, पाण्यात उकळून काढलेल्या अर्काचा काहीच परिणाम दिसला नाही. मिथेनॉलमध्ये काढलेल्या अर्काचा मात्र दिसला. म्हणजे एकाच भूछत्राचे दोन 'अर्क' होते व त्यांची साक्ष परस्परविरुद्ध होती. वाक्यात मात्र एकच अर्क उरला होता.

भाषाविज्ञानाच्या अभ्यासकाने रसायनशाळेच्या कारभारात लक्ष घालावे हे कोणास अनुचित वाटेल. परंतु येथील प्रश्न अंशतः शब्दाचाच आहे. मराठीतील 'अर्क' हा शब्द, रूपाने संस्कृतातील सूर्यवाचक व रुईवाचक 'अर्क' शब्दासारखा दिसत असला, तरी या अर्थाने तो अरबीतून फारसीच्या द्वारा आपल्याकडे आलेला आहे. मूळ अरबी शब्दाचा अर्थ घाम. भट्टीच्या नळीतून घामाच्या थेंबांप्रमाणे जे ठिबकते तो अर्क. कालांतराने मराठीत या शब्दाला 'सार', 'सत्त्व' असा अर्थ चिकटला. एखाद्या वस्ताद माणसाला आपण 'अर्क' म्हणतो तेही याच अर्थाने. त्यामुळे 'भूछत्राचा अर्क' असे म्हणताच त्या भूछत्राचे सारे सत्त्व हाती आले, अशी आपली समजूत होते. वस्तुतः विशिष्ट द्रवात, विशिष्ट उष्णतेस, विशिष्ट काळात जे विरघळले, तेवढेच हाती आलेले असते. या बाबतीत शब्दाचा मूळ अर्थच आजच्या रूढ अर्थापेक्षा अधिक प्रामाणिक आहे.

भूछत्रांतील द्रव्ये विकरांचा निरोध करतात किंवा कसे, हे तपासण्याच्या प्रयत्नांना दीर्घ इतिहास आहे. त्यातील काही प्रकरणे क्रमाने पाहिली असता असे दिसून येते की, प्रत्येक वेळी परीक्षणाचे उत्तर प्रश्न कसा विचारला यावर अवलंबून राहिले. तीच गोष्ट प्रस्तुत निबंधात दाखवावयाची आहे.

२

आरंभी दोन संज्ञांचा खुलासा करणे इष्ट ठरेल. विकर म्हणजे एंझाइम. सजीवांच्या शरीरातील रासायनिक क्रिया घडवून आणणारे, परंतु त्या क्रियेत स्वतः खर्च न होणारे प्रथिन, अशी त्याची स्थूल व्याख्या करता येईल. 'एंझाइम' हा शब्द जर्मन शरीरशास्त्रज्ञ विल्हेल्म क्यूने यांनी १८७०–८० या दशकात घडविला. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ 'खमिरात असलेले' असा होतो. निरोध म्हणजे विकराची ही क्रिया मंदावणे किंवा थांबणे. कधी निरोधक द्रव्य दूर होताच विकर पूर्ववत काम करू लागते, तर कधी ते कायमचे निकामी होते. आपण दोन्ही प्रकारांना 'निरोध' हा एकच शब्द लावतो.

भूछत्रांचा विकरांशी पहिला संबंध मात्र निरोधक म्हणून आलेला नाही. काही बोलेटस भूछत्रे चिरली असता त्यांचा गर पाहता पाहता निळा पडतो. रसायनशास्त्रज्ञ ख्रिस्टियान शोएनबाइन यांनी १८५६ साली या गोष्टीचा मागोवा घेतला. भूछत्रातील एक द्रव्य मद्यार्कात विरघळते, परंतु ते एकटे निळे पडत नाही; त्यात भूछत्राचा पाणीदार रस मिसळला की रंग चढतो, असे त्यांना आढळले. रंग धारण करणारे द्रव्य एका अर्कात होते व रंग चढविणारी शक्ती दुसऱ्या रसात. दोन्ही एकाच भूछत्रातून निघाले होते. पुढे १८९५–९६ च्या सुमारास फ्रान्समध्ये एमिल बूरकलो व गाब्रिएल बेर्त्रां यांनी, कापल्यावर प्रथम लाल व मग काळ्या पडणाऱ्या रुसुला जातीच्या भूछत्रांचा अभ्यास केला आणि त्यातून 'टायरोसिनेज' हे विकर ज्ञात झाले.

हे विकर आजही प्रयोगशाळांतून नित्य वापरात आहे. त्वचेचा रंग उजळ करणाऱ्या द्रव्यांच्या शोधात ज्या परीक्षा केल्या जातात, त्यांत पांढऱ्या बटन अळंबीपासून काढलेले टायरोसिनेज वापरण्याचा प्रघात आहे. येथे एक अडचण ध्यानात घेतली पाहिजे. भूछत्राच्या थंड पाण्यात काढलेल्या रसात स्वतःचे टायरोसिनेज असू शकते. म्हणजे ज्याचा निरोध मोजावयाचा तेच विकर, निरोधक समजून ओतलेल्या रसातूनही येत असते. रस उकळला तर ते विकर नष्ट होते. पण मग तो रस पूर्वीचा राहत नाही. शोएनबाइन यांनी दोन भांड्यांत वेगळ्या केलेल्या गोष्टी आपण निष्काळजीपणाने एका भांड्यात एकत्र करण्याचा हा प्रकार होय.

३

निरोधाचा खरा इतिहास विषारी भूछत्रांपासून सुरू होतो. अमॅनिटा फॅलॉइडिस हे युरोपातील अत्यंत प्राणघातक भूछत्र. त्याच्या विषाचा अभ्यास म्युनिक येथे हाइन्रिक वीलांड यांच्या प्रयोगशाळेत झाला. १९३७ साली फेओडोर ल्युनेन व उलरिक वीलांड यांनी त्यातून फॅलॉइडिन हे द्रव्य स्फटिकरूपात वेगळे केले. १९४१ साली त्याच प्रयोगशाळेतून अमॅनिटिन बाहेर आले. भूछत्र खाल्ल्याने येणाऱ्या मृत्यूस मुख्यतः अमॅनिटिन कारणीभूत आहे, हे पुढे स्पष्ट झाले. परंतु ते शरीरात नेमके काय करते, याचे उत्तर मिळण्यास आणखी पंचवीस वर्षे जावी लागली.

१९६६ साली इटलीत लुइजी फ्यूमे व फ्योरेंझो स्तिर्पे यांना असे दिसले की, अमॅनिटिन दिलेल्या उंदरांच्या यकृतपेशींच्या केंद्रकांतील आर.एन.ए. घटते. पुढच्याच वर्षी त्यांनी आर.एन.ए. घडविणाऱ्या पॉलिमरेज या विकरावर या विषाची परीक्षा घेतली. मँगनीज व अमोनियम सल्फेट यांच्या सान्निध्यात विकराची क्रिया मोजली, तर विष तिला रोखते. मॅग्नेशियमच्या सान्निध्यात मोजली तर रोखत नाही, असे विचित्र फलित हाती आले. परीक्षानळीतील क्षार बदलताच उत्तर बदलले होते.

या विसंगतीचा उलगडा १९६९ व १९७० साली झाला. १९६९ साली रॉबर्ट रोडर व विल्यम रटर यांनी उच्च वर्गांतील सजीवांच्या पेशींत एक नव्हे, तर तीन पॉलिमरेजे असतात असे दाखविले. अमॅनिटिन त्यांपैकी दुसऱ्याला अत्यल्प मात्रेत थोपविते, तिसऱ्याला पुष्कळ मोठ्या मात्रेत, आणि पहिल्याला जवळजवळ मुळीच नाही, ही गोष्ट १९७० पासूनच्या संशोधनाने प्रस्थापित झाली. स्तिर्पे व फ्यूमे यांच्या दोन प्रकारच्या नळ्यांत वेगवेगळी विकरे काम करीत होती. येथे विकराने विषाचा अर्थ सांगितला, तसाच विषाने विकराचाही सांगितला. 'आर.एन.ए. पॉलिमरेज' हे एकवचनी नाव ज्या वस्तूला दिले होते ती वस्तू अनेकवचनी आहे, हे कळण्यास एका भूछत्राच्या विषाचे साहाय्य झाले. मात्र त्यासाठी विष आधी स्फटिकरूपात शुद्ध करून घ्यावे लागले होते. कच्च्या अर्कावर हे काम झाले नसते.

४

दुसरे प्रकरण कोप्रिनस अ‍ॅट्रामेंटेरियस या भूछत्राचे. आता त्याला कोप्रिनॉप्सिस अ‍ॅट्रामेंटेरिया म्हणतात. जून झाल्यावर त्याची टोपी काळ्या शाईसारखी विरघळून गळू लागते. कोवळेपणी ते खाद्य आहे; परंतु त्याच्यासोबत किंवा त्यानंतरच्या काही दिवसांत मद्य घेतल्यास चेहरा लाल होणे, छाती धडधडणे, मळमळणे अशी लक्षणे उद्भवतात. शरीरात मद्यार्कापासून प्रथम असिटाल्डिहाइड तयार होते आणि मग एक विकर त्याचे असिटेटमध्ये रूपांतर करते. हे दुसरे विकर बंद पडले की असिटाल्डिहाइड रक्तात साचते व वरील लक्षणे दिसू लागतात.

१९४८ साली डेन्मार्कमध्ये येन्स हाल्ड व एरिक याकोब्सेन यांनी डायसल्फिराम या द्रव्याने नेमका हाच परिणाम होतो असे प्रसिद्ध केले आणि व्यसनमुक्तीसाठी त्याचा वापर सुरू झाला. तेव्हा या भूछत्रातही डायसल्फिरामच असावे, असा तर्क साहजिकच पुढे आला. १९५६ साली ते भूछत्रातून मिळाल्याचेही चेकोस्लोव्हाकियातून सांगण्यात आले. परंतु इतरांना ते त्यात सापडले नाही. लक्षणे सारखी म्हणून कारणही तेच, हे अनुमान टिकले नाही. १९७५ साली स्वीडन व अमेरिका येथील संशोधकांनी स्वतंत्रपणे या भूछत्रातील खरे द्रव्य वेगळे केले. त्याला कोप्रिन असे नाव मिळाले, आणि त्याची रचना डायसल्फिरामहून अगदी वेगळी निघाली.

या कथेतील सर्वांत उद्बोधक भाग यापुढचा आहे. शुद्ध कोप्रिन परीक्षानळीत त्या विकरावर घातले असता निरोध होत नाही. तेच कोप्रिन जिवंत उंदराला दिले असता त्याच्या यकृतातील विकर निकामी होते. शरीरात कोप्रिनचे विघटन होऊन एक-अमिनोसायक्लोप्रोपॅनॉल हे द्रव्य निर्माण होते, आणि खरा निरोधक हे द्रव्य आहे. एखाद्या प्रयोगशाळेने अज्ञात भूछत्रांचे शेकडो नमुने केवळ शुद्ध विकरावर तपासले असते, तर या भूछत्रातील कोप्रिनसमोर तिने 'निष्क्रिय' असा शेरा मारून पुढचे भांडे उचलले असते. माणसांना झालेल्या त्रासाची नोंद आधीपासून होती, म्हणूनच रसायनशास्त्रज्ञ त्या भूछत्रापाशी थांबले. कोप्रिनचे औषध मात्र झाले नाही. प्राण्यांवरील प्रयोगांत त्याने वृषणांस इजा होते असे आढळले.

५

कोप्रिनच्या बाबतीत नळीने 'नाही' म्हटले व शरीराने 'होय'. याच्या नेमके उलट घडलेली घटना त्याच दशकात जपानात घडली. तिचा नायक भूछत्र नसून त्याची दूरची भावंडे असलेली बुरशी आहे. परंतु भूछत्रांची गोडी हीच या शोधामागील एक प्रेरणा होती. अकिरा एंडो (१९३३–२०२४) हे अकिता प्रांतातील शेतकरी कुटुंबात वाढले. माश्यांना मारणारे, पण माणसास न मारणारे एक भूछत्र त्या भागात ठाऊक होते, आणि त्याविषयीचे कुतूहल त्यांना शालेय वयापासून होते. १९५७ साली ते सांक्यो या औषधकंपनीत दाखल झाले. आरंभी फळांचा रस निवळ करण्यासाठी उपयोगी पडणारे बुरशीजन्य विकर त्यांनी शोधले. १९६६ ते १९६८ ही दोन वर्षे न्यूयॉर्कमध्ये काढल्यावर हृदयविकार व कोलेस्टेरॉल यांच्या संबंधाचा प्रश्न त्यांनी हाती घेतला.

शरीरात कोलेस्टेरॉल कसे घडते, याची साखळी तोपर्यंत बरीच उलगडली होती. या कार्यासाठी १९६४ चे नोबेल पारितोषिक ज्या दोघांना मिळाले त्यांपैकी एक कोनराड ब्लॉख, आणि दुसरे तेच फेओडोर ल्युनेन, ज्यांनी तरुणपणी अमॅनिटाच्या विषावर प्रबंध लिहिला होता. या साखळीत एच.एम.जी.–कोए रिडक्टेज या विकराची पायरी निर्णायक आहे. एखाद्या बुरशीने आपल्या शत्रूस मारण्यासाठी हे विकर रोखणारे द्रव्य बनविले असेल, असा एंडो यांचा तर्क होता. त्याच सुमारास तोक्यो येथे हामाओ उमेझावा हेही सूक्ष्मजीवांच्या रसांतून विकरनिरोधके शोधीत होते. १९६९ साली प्रसिद्ध झालेले ल्यूपेप्टिन हे त्याचे एक फळ. तेव्हा ही कल्पना वाऱ्यावरची नव्हती.

१९७१ साली एंडो व त्यांच्या सहकाऱ्यांनी कामास आरंभ केला. परीक्षेची रीत अशी : उंदराच्या यकृताचा पेशीविरहित रस घ्यावयाचा, त्यात किरणोत्सर्गी कार्बन असलेले असिटेट व बुरशी वाढविलेला द्रव घालावयाचा, आणि किती स्टेरॉल तयार झाले ते मोजावयाचे. ज्या द्रवाने स्टेरॉल घटले त्याची पुन्हा मेव्हॅलोनेट देऊन तपासणी करावयाची. मेव्हॅलोनेट दिल्यावर क्रिया सुरळीत चालली, तर अडथळा त्याच्या आधीच्या पायरीवर आहे असे ठरते. अडथळा कोठे आहे हे विचारणारी ही दुसरी तपासणी नसती, तर विकरांचा सरसकट नाश करणारे कोणतेही विष 'यशस्वी' ठरले असते. सुमारे ६,००० नमुने तपासण्यात आले. प्रथम हाती लागलेले सिट्रिनिन मूत्रपिंडास घातक असल्याने सोडून द्यावे लागले. अखेर १९७३ साली, क्योटो येथील एका धान्याच्या दुकानातील तांदळावर मिळालेल्या पेनिसिलियम सिट्रिनम या बुरशीतून कॉम्पॅक्टिन हे द्रव्य वेगळे झाले.

परीक्षानळीत कॉम्पॅक्टिनचा निरोध अत्यंत प्रभावी होता. मात्र जिवंत उंदरांना ते कित्येक दिवस देऊनही त्यांच्या रक्तातील कोलेस्टेरॉल उतरेना. येथील विरोध लक्षात घेण्यासारखा आहे. नळीतील विकर उंदराच्याच यकृताचे होते. यकृताच्या रसाने मान्य केलेली गोष्ट यकृताच्या धन्याने नाकारली. कारण पुढे उमगले. विकर रोखले जाताच उंदराचे यकृत तेच विकर कितीतरी अधिक प्रमाणात तयार करू लागते व निरोध निष्फळ होतो. कंपनीच्या दृष्टीने हे काम येथेच संपल्यासारखे होते. १९७६ साली एंडो यांनी एका सहकाऱ्याच्या साहाय्याने अंडी देणाऱ्या कोंबड्यांवर प्रयोग केला. त्यांच्या रक्तातील कोलेस्टेरॉल काही आठवड्यांत जवळजवळ निम्म्यावर आले. पाठोपाठ कुत्र्यांवरही गुण दिसला. १९७८ साली ओसाका येथे डॉ. अकिरा यामामोतो यांनी आनुवंशिक व्याधीमुळे कोलेस्टेरॉल अतिशय वाढलेल्या रुग्णांवर त्याचा वापर केला.

तरीही कॉम्पॅक्टिन बाजारात आले नाही. कुत्र्यांवरील दीर्घकालीन प्रयोगांत मोठ्या मात्रेने दुष्परिणाम झाल्याच्या शंकेवरून १९८० साली त्याचे काम थांबविण्यात आले. अमेरिकेतील मर्क कंपनीने अ‍ॅस्परजिलस टेरियस या बुरशीतून मिळविलेले लोव्हास्टॅटिन १९८७ साली मान्यता पावले, आणि स्टॅटिन या औषधवर्गाचे युग सुरू झाले. कॉम्पॅक्टिनपासून बनविलेले प्राव्हास्टॅटिन त्यानंतर जपानात आले. पहिल्या यशस्वी नळीपासून पहिल्या मान्यताप्राप्त औषधापर्यंत सुमारे चौदा वर्षे लागली, आणि पहिल्या नळीतील द्रव्य शेवटपर्यंत पोहोचलेच नाही.

६

आता आपल्या विद्यार्थ्याच्या भूछत्राकडे परत यावयास हरकत नाही. 'औषधी भूछत्र' म्हणून आज ज्यांचा बोलबाला आहे त्यांत गॅनोडर्मा, म्हणजे चिनी लिंगझी किंवा जपानी रेइशी, अग्रभागी आहे. परंपरेने त्याचा पाण्यात उकळून कडू काढा घेतात. १९८६ साली जपानी संशोधकांनी या भूछत्रातून रक्तदाबाशी संबंधित असलेल्या एसीई या विकराचे निरोधक शोधून काढले. ती द्रव्ये ट्रायटर्पीन वर्गातील असून मिथेनॉलयुक्त द्रावणात काढलेली होती. असली द्रव्ये पाण्यात फारशी विरघळत नाहीत. काढ्यात मुख्यत्वे उतरतात ती बहुशर्करा व तत्सम द्रव्ये. तेव्हा मिथेनॉलच्या अर्कावर मिळालेले प्रमाणपत्र काढ्याच्या गळ्यात बांधणे हे तर्कास धरून नाही. 'अर्क' या एका शब्दामुळे मात्र ते सहज घडते.

आपल्याकडील धिंगरी अळंबीचेही असेच आहे. तिच्या प्लुरोटस या कुळातील भूछत्रांत लोव्हास्टॅटिन असते असे १९९५ साली प्रसिद्ध झाले. याचा अर्थ धिंगरीची भाजी खाल्ल्याने औषध घेतल्याचे श्रेय मिळते असा नव्हे. कोणती जात, वाढीची कोणती अवस्था, भूछत्राचा कोणता भाग व पोटात पोहोचणारी मात्रा किती, हे सारे स्वतंत्रपणे ठरवावे लागते.

याशिवाय कच्च्या अर्काचा एक जुना दोष आहे. त्यातील टॅनिनसदृश द्रव्ये कोणत्याही प्रथिनाला चिकटतात, आणि मग प्रत्येक विकराचा निरोध झाल्यासारखा भासतो. २००२ साली ब्रायन शॉइकेट व त्यांच्या सहकाऱ्यांनी आणखी एक गोष्ट दाखविली. अनेक शुद्ध द्रव्येसुद्धा पाण्यात सूक्ष्म पुंजके करून विकरांना आपल्या पृष्ठभागावर अडकवतात. नळीत किंचित डिटर्जंट घातले की हे पुंजके मोडतात व खोटा निरोध नाहीसा होतो. थोड्याशा साबणासारख्या द्रव्याने जो निरोध धुऊन जातो, त्यावर प्रबंध उभारणे किती धोक्याचे आहे हे सांगावयास नको.

७

वरील प्रकरणांतून परीक्षणाविषयी अश्रद्धा बाळगावी, असा निष्कर्ष काढणे चुकीचे होईल. अमॅनिटिनच्या बाबतीत नळीनेच निर्णय दिला. एंडो यांनाही नळीनेच मार्ग दाखविला. आक्षेप आहे तो नळीने दिलेले मर्यादित उत्तर अमर्याद भाषेत नोंदविण्यास. 'भूछत्राचा अर्क विकराचा निरोध करतो' या वाक्यात द्रावक नाही, मात्रा नाही, विकर कोणत्या प्राण्याचे ते नाही, आणि नळी की शरीर हेही नाही. क्रियापदाचा साधा वर्तमानकाळ तर 'सूर्य पूर्वेस उगवतो' या जातीचा, म्हणजे त्रिकालाबाधित सत्य सांगणारा आहे. एका ऋतूत, एका प्रयोगशाळेत, तीन नळ्यांत दिसलेल्या गोष्टीला हा काळ पेलत नाही.

त्या विद्यार्थ्याने आपले वाक्य अखेर पुढीलप्रमाणे बदलले : 'या भूछत्राच्या वाळविलेल्या फलकायातील मिथेनॉलमध्ये विरघळणाऱ्या अंशाने, डिटर्जंट घातलेल्या परीक्षानळीत, विकराची क्रिया निम्म्याहून अधिक मंदावली, पाण्यात काढलेल्या अंशात हा गुण आढळला नाही, कारणीभूत द्रव्य अद्याप वेगळे केलेले नाही.' वाक्य लांबले, आणि ते ऐकावयास पूर्वीइतके भारदस्त राहिले नाही, अशी त्याची तक्रार होती. ती खरी आहे. परंतु पुढील वर्षी दुसरा कोणी त्याच भूछत्रावर काम करू लागला, तर कोणते भांडे उचलावयाचे हे त्याला या वाक्यावरून कळेल. पूर्वीच्या वाक्यावरून ते कळले नसते.